पायाडावरून पडलेल्या माणसाचं देणं

४ एप्रिल २०२५ च्या सकाळी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेजारच्या नांदेड तालुक्यात, आलेगावच्या शिवारात कामाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सातजणी दगावल्या, तिघांना वर काढता आलं. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येक मृताच्या वारसांना पाच लाखांची, पंतप्रधानांनी दोन लाखांची मदत जाहीर केली.

ही मदत मिळायलाच हवी होती. पण सात जीव एकदम गेले, कॅमेरे आले, मंत्र्यांचे फोन आले, म्हणून ती इतक्या लवकर जाहीर झाली. हिंगोली जिल्ह्यातला एखादा बिगारी पुण्यात चौथ्या मजल्यावरून एकटाच पडतो तेव्हा यातलं काही घडत नाही. रुग्णवाहिका रात्रीतून गावात येते, दुसऱ्या दिवशी अंत्यविधी होतो, आणि तिसऱ्याच्या आत मुकादम पन्नास हजार घेऊन दारात उभा राहतो. त्या पन्नास हजारांकडे घरातले लोक उपकार म्हणून पाहतात. कायद्याच्या हिशेबाने मात्र त्या दिवसापासून मालक त्यांचा दहा-पंधरा लाखांचा देणेकरी झालेला असतो. हे देणं नेमकं किती, कोणावर आणि ते हातात का पडत नाही, याचा हा आढावा.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. हळद आणि सोयाबीनवर चालणारा हा जिल्हा, कारखानदारी जेमतेम. कोरडवाहू शेतीचं काम संपलं की माणूस बाहेर पडतो: कोणी उसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुणे, मुंबई, हैदराबादच्या साइटवर. जिल्ह्यातही बांधकाम कमी नाही. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, औंढ्याजवळच्या दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रयोगशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. त्याशिवाय घरकुलं, शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या, आणि गावोगाव खोदल्या जाणाऱ्या विहिरी.

मोठ्या प्रकल्पावर निदान सुरक्षा अधिकारी असतो, हजेरीपट असतो. माणूस मरतो तो बहुतेक लहान कामावर. विहिरीत यारीचा वायररोप तुटतो, वरून दरड सुटते, उडालाच नाही असा सुरुंग कुदळीखाली फुटतो. घराच्या स्लॅबवर सळई उभी करताना ती वरून गेलेल्या विजेच्या तारेला टेकते. ओल्या स्लॅबखालची सेंट्रिंग घाईने काढली जाते. पायाड तर अनेकदा दोन बल्ल्या आणि एक फळी, एवढंच. अशा कामावर कामगार कोणाचा, हे सांगणारा एक कागदही नसतो, आणि भरपाईची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

जखमी कामगाराच्या भरपाईची मागणी आपल्याकडे नवी नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच निवेदनात असंही होतं की काम करताना जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झालेल्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी. ही मागणी कायद्यात उतरायला पुढची चाळीस वर्षं लागली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असला तरी हिशेबाची चौकट तीच आहे, आणि त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो. म्हणून पुढचं विवेचन मुख्यतः जुन्या कायद्याच्या भाषेत आहे.

या कायद्यात चूक कोणाची, हे विचारलंच जात नाही. काम करत असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढं पुरे. ‘त्याने हेल्मेट घातलं नव्हतं’, ‘त्याचाच पाय घसरला’, ‘तो प्यालेला होता’ ही मालकाची उत्तरं किरकोळ दुखापतीच्या दाव्यात काही वेळा चालतात. मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला असेल तर कायद्याने ती चालत नाहीत. गावात मात्र नेमकी हीच वाक्यं ऐकून लोक गप्प बसतात. मेलेल्या माणसाच्या माथी दारू मारली की विधवा मान खाली घालते, आणि मालकाला तेवढंच हवं असतं.

आता रक्कम. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग घ्यायचा आणि कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेल्या आकड्याने गुणायचा. ३ जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जाते. सहाशे रुपये रोज आणि महिन्याला पंचवीस हजेऱ्या धरल्या तर गवंड्याची मजुरी बरोबर तेवढीच होते. त्याचं वय तीस असेल तर तक्त्यातला आकडा २०७.९८. साडेसात हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये. वय पंचेचाळीस असेल तर आकडा १६९.४४ आणि रक्कम १२,७०,८००. यात दयेचा, ओळखीचा, घासाघिशीचा संबंध नाही. शाळेतल्या मुलालाही जमेल असं हे गणित आहे, पण ते गावात कोणी मांडून दाखवत नाही. अपघातानंतर महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड, हेही त्याच कायद्यात आहे.

कायम अपंगत्वासाठी पन्नासऐवजी साठ टक्के मजुरी धरतात. अपंगत्व अंशतः असेल तर त्यातला काही हिस्सा मिळतो, आणि तो कायद्याच्या परिशिष्टात ठरलेला आहे: अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, दुसरा चांगला असून एक डोळा गेला तर ४०. वर सांगितलेल्या तीस वर्षांच्या गवंड्याचा मिक्सरमध्ये अंगठा गेला तर त्याची भरपाई ५,६१,५४६ रुपये होते. प्रत्यक्षात त्याला पट्टीचा खर्च आणि दोन आठवड्यांची हजेरी मिळाली तरी तो मालकाला दुवा देतो.

ही टक्केवारी अंतिम नाही, हेही सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये प्रतापनारायण सिंग देव खटल्यात एका सुताराचा दावा पाहिला. १९६८ मध्ये चित्रपटगृहात सजावटीचं काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, एकच हात गेला, हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने विचारलं की एका हाताचा सुतार सुतारकाम करणार कसं, आणि शंभर टक्के भरपाई कायम ठेवली. भरपाई निकालाच्या नाही तर अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही याच निकालात ठरलं. सेंट्रिंगवाल्याचा खुबा मोडला, तो चालू शकतो पण चढू शकत नाही, अशा प्रत्येक दाव्यात हा निकाल कामी येतो. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर ‘४० टक्के’ लिहिलंय म्हणून भरपाईही चाळीस टक्केच, असं वकिलानेही मान्य करून टाकू नये. त्या माणसाची त्याच्या कामातली कमाई किती गेली, हे डॉक्टरकडून स्वतंत्रपणे सांगवून घ्यावं लागतं.

पाय मोडून तीन-चार महिने घरी बसलेल्याचंही देणं असतं. त्याला दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा पाव हिस्सा, म्हणजे एकूण अर्धी मजुरी मिळायला हवी, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. जिल्ह्यात हा दावा लावायला कोणी सहसा जात नाही, कारण बरं झाल्यावर त्याच गुत्तेदाराकडे परत काम मागायचं असतं.

आता मालक कोण, हा प्रश्न. पुण्यातल्या इमारतीवर सेनगावचा मजूर मुकादमाने नेलेला असतो. मुकादमाला सेंट्रिंगच्या गुत्तेदाराने सांगितलेलं असतं, गुत्तेदाराला बांधकाम कंपनीने, आणि कंपनीला बिल्डरने काम दिलेलं असतं. अपघात झाला की प्रत्येकजण खालच्याकडे बोट दाखवतो आणि शेवटी उरतो तो मुकादम, जो मजुराच्याच गावचा, कधी त्याचाच भावकीतला, आणि त्याच्याकडेही काही नसतं. कायद्याच्या बाराव्या कलमाने ही पळवाट बंद केलेली आहे. आपल्या धंद्याचं काम दुसऱ्याकडून करून घेणारा मूळ मालक त्या कामावरच्या मजुराला थेट जबाबदार असतो. त्याने आधी भरपाई द्यायची आणि मग हवी तर गुत्तेदाराकडून वसूल करायची. म्हणून दाव्यात एकट्या मुकादमाला प्रतिवादी करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. बिल्डर, कंपनी, गुत्तेदार, आणि विमा असेल तर विमा कंपनी, सगळ्यांची नावं हवीत.

गावातल्या घराचं गणित थोडं वेगळं आहे. शिक्षकाने किंवा शेतकऱ्याने स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधायला घेतलं तर ते त्याच्या धंद्याचं काम म्हणता येत नाही, त्यामुळे बाराव्या कलमाखाली त्याला धरताना वाद होतो. ज्या मिस्तरीने अंगावर काम घेतलं तो मात्र सुटत नाही. एकापेक्षा जास्त मजल्यांची किंवा जमिनीपासून बारा फूट अथवा त्याहून उंच इमारत असेल तर तिचं बांधकाम, दुरुस्ती, पाडकाम हे सगळं कायद्यात येतं. रोजंदारीवरचा तात्पुरता मजूर पूर्वी अनेकदा बाहेर राहायचा. २००० सालच्या दुरुस्तीने ती अट गेली. दोन दिवसांसाठी आलेला बिगारीही आता कामगार आहे.

सरकारी कामांबाबत तर कुटुंबाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदेत ठेकेदाराला कामाचा आणि कामगारांचा विमा उतरवण्याची अट असते, आणि हा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडे उतरवला जातो. म्हणजे पूल किंवा सरकारी इमारत बांधताना माणूस गेला तर पॉलिसी कुठेतरी फायलीत आहे. उपविभागीय अभियंत्याकडे लेखी अर्ज करून, नाही तर माहिती अधिकारात, पॉलिसीची प्रत मागता येते. विम्याची कंपनी समोर आली की पैसे वसूल व्हायची शक्यता कितीतरी वाढते, कारण गुत्तेदार गाव सोडून जाऊ शकतो, विमा कंपनी जाऊ शकत नाही.

साइटवरच झोपणाऱ्या मजुरांचं काय? २२ फेब्रुवारी २०२५ ला जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यातल्या पासोडी-चांडोळ इथे पुलाच्या कामावरचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये झोपलेले असताना टिप्परने त्यावरच वाळू रिती केली आणि पाचजण गाडले गेले. अशा प्रसंगी ‘तेव्हा ते कामावर नव्हते’ हे उत्तर दिलं जाऊ शकतं. पण कामासाठी जागेवर राहणं मालकानेच ठरवलं असेल तर तिथला धोकाही कामाचाच धोका ठरतो. न्यायालयांनी कामाची हद्द नेहमीच मस्टरवरच्या वेळेपुरती मर्यादित ठेवलेली नाही.

या सगळ्यात हिंगोलीच्या माणसाला सर्वात उपयोगी तरतूद कोणती, असं विचारलं तर मी एकविसावं कलम सांगेन. १९९५ च्या दुरुस्तीनंतर दावा तीन ठिकाणी लावता येतो: अपघात झाला तिथे, मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, किंवा कामगार अथवा त्याचे वारस राहतात तिथे. अपघात हैदराबादला झाला, कंपनी मुंबईची आहे, तरी कळमनुरीच्या विधवेला हिंगोली जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो. समोरच्याला इकडे यावं लागतं. नव्या संहितेतही ही सोय कायम आहे. दावा ऐकणारे आयुक्त म्हणजे आपल्याकडे साधारणपणे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, आणि जिथे ते न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश. मुदत अपघातापासून दोन वर्षांची, उशिराला योग्य कारण असेल तर तो माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ‘पुण्याला खेटे कोण घालणार’ या एका वाक्यावर आजवर किती दावे सोडून दिले गेले असतील, याची कुठे मोजदाद नाही.

खरी लढाई कोर्टात जायच्या आधीच हरली जाते. अंत्यविधीसाठी जमलेल्या माणसांत दोन प्रतिष्ठित पुढे होतात, बैठक बसते, आकडा ठरतो. मग स्टॅम्प पेपर येतो. त्यावर साधारण असा मजकूर असतो: आमचा मुलगा स्वतःच्या चुकीने पडून मयत झाला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, ठेकेदाराने माणुसकीच्या नात्याने अमुक रक्कम दिली, यापुढे आम्ही कुठलाही दावा करणार नाही. खाली वडिलांचा अंगठा, विधवेची थरथरती सही, दोन साक्षीदार. या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही. सतराव्या कलमाने हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरवला आहे. मृत्यूच्या बाबतीत तर आठव्या कलमानुसार भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच भरावी लागते. तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल सोडली तर थेट घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून गणलेच जात नाहीत. यामागे मोठा विचार आहे. आयुक्त वारस कोण हे तपासतात, विधवेचा वाटा तिच्या नावे आणि अल्पवयीन मुलांचा वाटा बँकेत ठेवतात. बैठकीत मिळालेली रोकड बहुतेकदा सासऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात जाते, आणि वर्षभरात सून माहेरी.

स्टॅम्प पेपरवर सही झाली म्हणून दावा बुडत नाही, हे गावोगाव सांगितलं गेलं पाहिजे. सही करून पैसे घेतले असतील तरी दोन वर्षांच्या आत आयुक्तांकडे जाता येतं.

पण कागद हवेत, आणि ते पहिल्या आठ-दहा दिवसांतच जमतात. जखमीला खासगी दवाखान्यात नेऊन ‘घरी जिन्यावरून पडला’ असं सांगितलं जातं, कारण मालकाचा माणूस सोबत असतो. इथेच दावा निम्मा संपतो. डॉक्टरला ‘अमुक साइटवर काम करताना पडला’ असंच सांगावं आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद, ज्याला रुग्णालयात एमएलसी म्हणतात, करून घ्यावी. मृत्यू झाला तर पोलिस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात. त्या खबरीत आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात साइटचं नाव, बिल्डरचं नाव, किती उंचीवरून पडला, जाळी-पट्टा होता का, हे आलं पाहिजे. निष्काळजीपणा दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा नोंदवण्याची मागणी करावी. मात्र गुन्हा नोंदला नाही म्हणून भरपाई अडत नाही, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा दाखला आणि मजुरीचा पुरावा हे बाकीचे कागद. हजेरीपट मालकाकडे असतो आणि तो देत नाही. पण आता मजुरी फोनवरून येते. मुकादमाने पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, व्हॉट्सॲपवर टाकलेले स्लॅबचे फोटो, ‘उद्या सातला या’ असा आवाजी निरोप, हे सगळं पुरावा आहे. मयताचा मोबाइल सांभाळून ठेवावा. कित्येक घरांत दुःखाच्या भरात सिमकार्ड बंद केलं जातं, फोन विकला जातो, आणि त्याच्यासोबत तो तिथे कामाला होता याचा एकमेव पुरावाही जातो.

आता कल्याणकारी मंडळ. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन तो कामगारांवर खर्च करायचं ठरलं. महाराष्ट्राचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ १ मे २०११ रोजी स्थापन झालं. १८ ते ६० वयाचा, वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेला कामगार नोंदणी करू शकतो. कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख, नैसर्गिक मृत्यूला दोन लाख, ७५ टक्के किंवा जास्त कायम अपंगत्वाला दोन लाख, अंत्यविधीला दहा हजार, विधवेला किंवा विधुराला वर्षाला २४ हजार पाच वर्षं, अशा योजना आहेत. मंडळाचे पैसे मिळाले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. पाच लाख मंडळाचे वेगळे, पंधरा लाख मालकाचे वेगळे.

पण जिल्ह्यात मंडळाची ओळख आहे ती पेटी आणि भांड्यांच्या संचासाठी. त्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीत कामगारांच्या मध्यान्ह भोजनाच्या निकृष्ट दर्जावरून कळमनुरीच्या आमदारांनी व्यवस्थापकाच्या कानशिलात लगावल्याची दृश्यं राज्यभर गाजली. जेवणाचा दर्जा हा महत्त्वाचाच प्रश्न आहे. तरी मला खंत वाटते ती याची की अपघाती मृत्यूच्या अर्जांचं काय झालं, यावर जिल्ह्यात अशी एकही बैठक कधी गाजली नाही. ९० दिवसांचे दाखले विकत देणारे दलाल, बांधकामाशी संबंध नसलेल्यांची नोंदणी, अशा तक्रारी राज्यभर आहेत. त्यावर उपाय म्हणून तपासण्या कडक होतात, आणि त्यात अडकतो तो खरा गवंडी, कारण तो नूतनीकरणाच्या दिवशी पुण्याला कामावर असतो. नोंदणी चालू नसेल तर मृत्यूची मदतही अडते. पेटी मिळाल्यावर कार्ड कपाटात टाकून देणाऱ्या माणसाला कोणीतरी सांगायला हवं की त्या कार्डाचं खरं मोल पुढच्या वर्षी नूतनीकरण करण्यात आहे.

उपकराच्या पैशाचाही प्रश्न आहे. राज्याराज्यांत हजारो कोटी पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात सरकारांना खडसावलं होतं. नव्या संहितेने त्यात एक बदल केला आहे, ज्याची चर्चा मराठवाड्यात व्हायला हवी होती. पूर्वी स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं दहा लाखांपर्यंतचं घर उपकराच्या बाहेर होतं. आता ही मर्यादा पन्नास लाख आहे. मुंबईत पन्नास लाखांत खोलीही येत नसेल, हिंगोलीत त्यात दुमजली बंगला उभा राहतो. म्हणजे या जिल्ह्यातली जवळपास सगळी खासगी घरं उपकरातून सुटली, आणि त्याच घरांच्या पायाडांवर इथला कामगार चढतो. घरमालकांना दिलासा देण्याचा हेतू समजू शकतो. पण त्या व्याख्येतून जे काम बाहेर पडतं त्यावर राबलेले दिवस ९० दिवसांत धरायचे की नाही, याचा खुलासा शासनाने करायलाच हवा. तो झाला नाही तर लहान गावातला गवंडी मंडळाच्याही बाहेर फेकला जाईल.

बाकीच्या वाटा छोट्या आहेत, पण सोडून द्याव्यात अशा नाहीत. बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून चालणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघाती मृत्यूला दोन लाख देतो. अनेकांना आपण तो घेतलाय हेच माहीत नसतं, म्हणून पासबुकात मे-जूनच्या सुमाराला वीस रुपये वजा झालेत का, ते पाहावं. हिंगोलीचा स्थलांतरित मजूर बहुतेकदा एक-दोन एकराचा शेतकरीही असतो. सातबारावर त्याचं नाव असेल, किंवा तो खातेदाराच्या कुटुंबातला एक सदस्य म्हणून बसत असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून दोन लाखांचं अनुदान मिळू शकतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत. माणूस शहरात बांधकामावर मेला म्हणून कृषी कार्यालयात जायचं कोणाला सुचत नाही. अपघात वाहनाने झाला असेल, टिप्पर, ट्रॅक्टर, मिक्सर, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. तिथे रक्कम तक्त्यात अडकलेली नसते, पण दोन्हींपैकी एकच वाट निवडावी लागते आणि ट्रॉलीतल्या प्रवाशांबाबत विमा कंपन्या हमखास हरकत घेतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, कोणाची वर्गणी कापली जात असेल तर त्याला तिथूनच निवृत्तिवेतन मिळतं, मालकावर वेगळा दावा चालत नाही. शेतमजूर बायांसाठी मात्र, ट्रॅक्टर किंवा यंत्र आड आलं नाही तर, आजही वाटा फार थोड्या आहेत. गुंजच्या घटनेनंतर त्यावर काहीतरी कायमचं होईल असं वाटलं होतं.

आणि मग विलंब. एप्रिल २००३ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथे कुटुंब हरलं, कारण तो अजून कामावर पोचला नव्हता. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा कायम केला: कामावर जाण्या-येण्याचा कामाशी पुरेसा संबंध असेल तर वाटेतला अपघातही कामाचाच. संहितेतही आता तशी स्पष्ट तरतूद आहे, आणि भल्या पहाटे टेम्पोत कोंबून साइटवर नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी ती फार मोलाची आहे. पण त्या विधवेला या निकालासाठी बावीस वर्षं थांबावं लागलं. कायदा म्हणतो, अर्ज तीन महिन्यांत निकाली काढा.

ही अवस्था बदलायला नवा कायदा लागत नाही. रस्त्यावर माणूस मेला तर पोलिसांनी ठराविक मुदतीत अपघाताचा अहवाल मोटार अपघात न्यायाधिकरणाला पाठवायचा, असा २०२२ पासून नियम आहे. कुटुंबाने काही केलं नाही तरी न्यायाधिकरणाला घटना कळते. बांधकामावर माणूस मेला तर तोच पोलिस पंचनामा करतो, तीच कागदपत्रं जमवतो, आणि ती अकस्मात मृत्यूच्या फायलीत बंद होतात. १९२३ च्या कायद्याच्या कलम १०अ नुसार आयुक्तांना कुठूनही मृत्यूची खबर मिळाली तरी ते मालकाला नोटीस काढून तीस दिवसांत विचारू शकत होते, भरपाई देणं लागता की नाही ते सांगा. मालकाने नाकारलं तर वारसांना दावा लावायचा हक्क आहे हे कळवायचं कामही आयुक्तांचंच. अधिकार होता, खबरच पोचत नव्हती. जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक आणि सरकारी कामगार अधिकारी यांनी एकत्र बसून एवढंच ठरवावं की कामाच्या ठिकाणच्या प्रत्येक मृत्यूच्या खबरीची प्रत आठ दिवसांत आयुक्तांकडे, म्हणजे संहितेने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे जाईल. मृतदेह पुण्याहून किंवा हैदराबादहून आला असेल तर पोलिस पाटलाने गावातून कळवावं. पाच तालुक्यांच्या या जिल्ह्यात असे मृत्यू वर्षाला किती होतात हेही मग पहिल्यांदाच एका वहीत दिसेल, आणि तिसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपर घेऊन येणाऱ्या मुकादमाच्या आधी विधी सेवेचा स्वयंसेवक त्या घरी पोचू शकेल.